हार्ट रीफ विमानातून बघायचाय? तिकिटाआधी ओहोटीची वेळ काढा

निळ्या-हिरव्या पाण्यात बदामाच्या आकाराचं प्रवाळ. ग्रेट बॅरियर रीफचा हा फोटो कॅलेंडरपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे फिरत असतो. हा बदाम म्हणजे हार्ट रीफ. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात हार्डी रीफ नावाचं मोठं प्रवाळक्षेत्र आहे, त्यातला हा एक लहानसा तुकडा. १९७५ साली एका स्थानिक वैमानिकाच्या नजरेला तो पडला आणि प्रसिद्ध झाला. तिथे पोहायला किंवा डुबकी मारायला परवानगी नाही. आकार कळायचा तर वरूनच बघावं लागतं.

लेक किंवा सून मेलबर्न-सिडनीला असल्यामुळे तिकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या यादीत हल्ली ही फेरी असतेच. तासाभराचं उड्डाण आणि खर्च माणशी काही शे डॉलर, त्यामुळे ते चुकलं तर हळहळ वाटते. बहुतेक चुका विमानात बसायच्या आधी होतात, म्हणून हा लेख जमिनीवरच्या तयारीत जास्त रेंगाळणार आहे.

पहिली गोष्ट: गाव बरोबर निवडा

ग्रेट बॅरियर रीफ सुमारे २३०० किलोमीटर लांब आहे. त्यात २९०० च्या आसपास वेगवेगळे रीफ आहेत. 'रीफवर विमानफेरी' एवढंच बघून लोक केर्न्सची तिकिटं काढतात आणि तिथे गेल्यावर विचारतात, हार्ट रीफ कुठे आहे? तो तिथून रस्त्याने सहाशे किलोमीटरहून लांब, व्हिट्संडे बेटांच्या बाजूला आहे. केर्न्सच्या फेऱ्या वाईट नाहीत. ग्रीन आयलंड आणि वाळूची छोटी बेटं तिथून सुंदर दिसतात. पण बदाम बघायचा असेल तर मुक्काम एअर्ली बीचला किंवा हॅमिल्टन बेटावर हवा.

एअर्ली बीचसाठी विमानतळ प्रॉसरपाइनचा. त्याचं अधिकृत नाव व्हिट्संडे कोस्ट एअरपोर्ट. तिथून गावात यायला रस्त्याने साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. आता घोटाळा असा की, रीफवर जाणारी बरीच छोटी विमानं इथून उडतच नाहीत. ती उडतात एअर्ली बीचजवळच्या फ्लेमट्री भागातल्या धावपट्टीवरून, आणि तिचं नाव आहे व्हिट्संडे एअरपोर्ट. नावात एका शब्दाचा फरक. नकाशात चुकीचं नाव टाकलं की चेक-इनच्या वेळी तुम्ही भलत्याच ठिकाणी उभे असता. बुकिंगच्या ईमेलमधला पत्ता उघडून तोच नकाशात टाका. बऱ्याच कंपन्या हॉटेलवरून नेण्या-आणण्याची सोय करतात, तीही विचारा.

हॅमिल्टन बेटावर सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेनहून थेट विमानं येतात. राहणं तिथे महाग. हेलिकॉप्टर घ्यायचं असेल तर मात्र ते सोयीचं, कारण हार्ट रीफजवळच्या तरंगत्या धक्क्यावर उतरून काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दाखवणारी सहल तिथूनच निघते.

महिना

एअर्ली बीच विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर आहे, मुंबई उत्तरेला १९ वर. म्हणजे आपल्या कोकणकिनाऱ्याचंच आरशातलं प्रतिबिंब समजा, फक्त ऋतू उलटे. डिसेंबर ते मार्च त्यांचा पावसाळा आणि वादळांचा काळ. मार्च २०१७ मध्ये डेबी चक्रीवादळ याच भागात धडकलं होतं. एप्रिल ते ऑगस्ट हवा कोरडी आणि छान असते, पण आग्नेयेकडून वारा जोरात वाहतो. समुद्रावर पांढरे फेस उठतात आणि विमान हलतं. जुलै ते सप्टेंबर कुबड्या देवमासे पिल्लांसह या पाण्यात असतात, वरून दिसलेही तर नशीब. त्यांच्यापासून साध्या विमानाने ३०० मीटर आणि हेलिकॉप्टरने ५०० मीटर अंतर ठेवायचं असा नियम आहे, त्यामुळे 'अजून खाली घ्या' असं वैमानिकाला सांगू नका.

सप्टेंबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यांत चांगला. वारा पडलेला असतो आणि पाणी काचेसारखं. आपली दिवाळीची सुट्टी बहुधा याच्या आसपास येते. त्यांच्या शाळांनाही सप्टेंबरच्या शेवटी सुट्टी लागते, तेवढे दोन आठवडे टाळलेत तर बरं. ऑक्टोबरपासून तिथे जेलीफिशचा हंगाम सुरू होतो म्हणून काही जण बेत रद्द करतात. तो त्रास पाण्यात उतरणाऱ्याला, विमानातल्याला नाही.

ऊन आणि ओहोटी

या फेरीत लोक सगळ्यांत कमी विचार करतात तो याच दोन गोष्टींचा.

आधी ऊन. पाण्याखालचे रंग दिसायला सूर्य उंच हवा. सकाळी सातला किंवा संध्याकाळी पाचला तिरपे किरण पाण्यावरून परततात आणि वरून नुसता चंदेरी पत्रा दिसतो. 'सूर्यास्ताची फेरी' ऐकायला गोड वाटते, पण प्रवाळ बघायला ती वेळ नाही. जून-जुलैत सूर्य दुपारीही उत्तरेला कललेला असतो, तेव्हा सकाळी दहा ते दुपारी दोन चांगलं आणि दक्षिणेकडे बघताना चकाकी कमी. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा साडेनऊ ते अकराची फेरी घ्या. शिवाय दुपारनंतर बेटांवर तापलेली हवा वर चढते, ढग जमतात आणि हादरे वाढतात.

आता ओहोटी. या भागात दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. मोठ्या उधाणाला पाण्याच्या पातळीतला फरक तीन मीटरच्या वर जातो. हार्ट रीफ भरतीतही दिसतो, पण कडा गुळगुळीत आणि निळसर लागतात. पाणी उतरलं की प्रवाळाचा तपकिरी-सोनेरी काठ वर येतो आणि बदाम पेनाने रेखल्यासारखा उठून दिसतो. चांगल्या उधाणाच्या ओहोटीला आणखी एक गोष्ट बघायला मिळते: बाहेरचा समुद्र झपाट्याने खाली जातो, हार्डी रीफच्या आतलं पाणी मात्र प्रवाळाच्या कड्यामागे अडकून उंच राहतं आणि काठावरून धबधब्यासारखं ओसंडतं. समुद्रातच समुद्राचा धबधबा! फोटोत हे सहसा येत नाही, डोळ्यांनाच दिसतं.

फेरीचा दुसरा मानकरी आहे हिल इन्लेट. व्हाइटहेवन बीचच्या टोकाशी पांढरी वाळू आणि हिरवं पाणी एकमेकांत घोळून रांगोळीसारखे फराटे तयार होतात. तिथली वाळू सुमारे ९८ टक्के सिलिका, त्यामुळे ती इतकी पांढरी. हे फराटे ओहोटीलाच खुलतात. पूर्ण भरतीला तिथे नुसती निळी खाडी दिसते.

वेळ कशी काढायची? ऑस्ट्रेलियाचा हवामान विभाग शूट हार्बर या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर देतो, तेच उघडा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग (म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यांत कमी), हे तिथेही खरं, कारण चंद्र तोच आहे. पण तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ सांगायचा कोकणातला हिशेब तिथे लावू नका. तो आपल्या किनाऱ्याचा आहे, तिथल्या वेळा वेगळ्या. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे तीन-चार दिवसांच्या मुक्कामात सोयीची ओहोटी आपोआप सापडेलच असं नाही. वेळापत्रक बघूनच मुक्कामाच्या तारखा अशा निवडा की ओहोटी सकाळी नऊ ते दुपारी एकच्या मध्ये येईल. ओहोटीच्या आधी तासभर ते नंतर तासभर, एवढ्यात विमान रीफवर असावं. क्वीन्सलंड घड्याळ पुढे-मागे करत नाही, भारतापेक्षा कायम साडेचार तास पुढे असतं. सिडनी-मेलबर्नला मात्र उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं. ओहोटीची वेळ मेलबर्नमध्ये बसून मोजताना हा तास विसरू नका.

दोन्ही जुळत नसेल तर ऊन निवडा. ऊन असलेली भरती बघण्यासारखी असते, ढगाळ ओहोटी नाही.

कोणतं विमान

पंख कुठे आहेत ते आधी विचारा. पंख छतावर असतील तर खाली बघायला आडवं काही येत नाही. खिडकीखाली असतील तर अर्धा समुद्र पंखाच्या पत्र्यामागे जातो. इथे बरीच चालणारी जीए-८ एअरव्हॅन हे ऑस्ट्रेलियातच बनलेलं, वर पंख असलेलं विमान आहे. वैमानिक धरून आठ जणांची जागा, खिडक्या मोठ्या आणि बाहेर फुगीर. सेसना कॅरव्हॅनही वर पंखाचीच. तिचं पाण्यावर उतरणारं रूप घेतलंत तर व्हाइटहेवनला उतरून पाय ओले करता येतात, पण सीप्लेनच्या खाली दोन लांब तरंगते असतात आणि सरळ खालचं दृश्य ते थोडं झाकतात. निव्वळ बघायला आणि खर्चाला साधं विमान उत्तम.

बुक करताना एवढं विचाराच:

- फेरी हार्डी रीफपर्यंत जाते ना? काही छोट्या फेऱ्या फक्त बेटांवरून फिरवून आणतात. रीफ आणि व्हाइटहेवन दोन्हीसाठी सुमारे तासाभराची फेरी लागते.
- प्रत्येकाला खिडकी आहे का? मधली जागा घेऊच नका.
- हार्ट रीफभोवती दोन्ही दिशांनी घिरट्या घालता का? एकाच बाजूने फिरलं तर पलीकडच्यांना आकाशच दिसतं.
- हवा खराब झाली तर पैसे परत की दुसरी तारीख?
- कमीत कमी किती प्रवासी लागतात?
- नागरी विमान सुरक्षेचं प्रमाणपत्र आणि मरीन पार्कचा परवाना आहे ना? चांगली कंपनी हे आनंदाने सांगते.

फेरी मुक्कामाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा. ही विमानं वैमानिकाला डोळ्यांनी दिसेल तेवढ्यावरच उडतात. ढग खाली आले किंवा सर आली की उड्डाण रद्द, त्यात कोणाचा दोष नसतो. शेवटच्या दिवशी ठेवलं आणि रद्द झालं तर दुसरी संधी उरत नाही.

डायव्हिंगही करायचं असेल तर विमान आधी, डुबकी नंतर. एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास उडू नये असा संकेत आहे. परतीच्या मोठ्या विमानासाठी २४ तास मोकळे ठेवलेले बरे. डुबकीत रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे होऊन बाहेर येतो आणि तो प्रकार जिवावर बेतू शकतो. तारकर्लीला एकदा खाली जाऊन आलेल्यांनाही हे कोणी सांगितलेलं असतंच असं नाही.

वजन, कपडे, पोट

बुकिंगमध्ये वजन विचारतात आणि बऱ्याचदा काउंटरवर काट्यावर उभंही करतात. लाजून पाच-सात किलो कमी सांगू नका. छोट्या विमानात कोणाला पुढे आणि कोणाला मागे बसवायचं हे वजनावर ठरतं. सगळे जड प्रवासी मागे बसले तर विमानाचा तोल मागे जातो. म्हणून नवरा-बायकोला शेजारी बसवलं नाही तर रागावू नका. सॅक, छत्री, पाण्याच्या मोठ्या बाटल्या ऑफिसातच राहतात. फोन, कॅमेरा, चष्मा पुरे.

साडी नेसून चढता येतं, पण पायरी उंच आणि अरुंद असते. पँट किंवा पंजाबी ड्रेस बरा. ओढणी किंवा पदर नीट खोचलेला हवा, टोपी हातात हवी. धावपट्टीवर उडालेल्या टोपीमागे धावणं अतिशय धोक्याचं आहे, कारण फिरता पंखा डोळ्यांना दिसत नाही. शर्ट गडद रंगाचा घाला. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब खिडकीत पडतं आणि ते प्रत्येक फोटोत येतं. गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा, स्टूल मिळतं. विमानात स्वच्छतागृह नसतं.

घाटात गाडी लागते त्यांना हे विमानही लागू शकतं, विशेषतः घिरट्या घालताना. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. दीड-दोन तास आधी टोस्ट, केळं किंवा उपमा. तेलकट पराठे राहू द्या. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी. यातल्या काही गोळ्यांनी गाढ झोप येते, म्हणून आधी घरी एकदा घेऊन बघा. पैसे मोजून वर जायचं आणि हार्ट रीफवर घोरायचं, असं नको. पोटात ढवळायला लागलं तर कॅमेरा खाली ठेवा आणि दूर क्षितिजाकडे बघा. कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत राहिल्यानेच जास्त मळमळतं, कारण डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कान सांगतात आपण गिरक्या घेतोय.

उड्डाणात काय बघायचं

चढण्यापूर्वी कमरेला लाइफ जॅकेटची पिशवी बांधतात. वेळ आलीच तर ते विमानाबाहेर पडल्यावर फुगवायचं, आत कधीच नाही. आत फुगवलं तर दारातून निघता येत नाही आणि पाणी शिरलं तर छताला चिकटून अडकायला होतं. दार कसं उघडतं ते दाखवतात, तेव्हा फोन खिशात असू द्या.

आधी बेटं लागतात. ७४ आहेत. ही सगळी बुडालेल्या डोंगरांची माथी. हिमयुग संपल्यावर समुद्र चढला आणि दऱ्या पाण्याखाली गेल्या. हजारो वर्षं इथे नगारो लोक होड्यांतून वावरत होते. बेटांना चिकटून तपकिरी झालर दिसते, तेही प्रवाळच. मग थोडा वेळ नुसतं गडद निळं पाणी, आणि त्यानंतर पहिला खरा रीफ समोर येतो.

रंग असे वाचा: गडद निळं म्हणजे खोल. पोपटी-फिरोजी म्हणजे काही मीटर पाण्याखाली पांढरी वाळू. सोनेरी-तपकिरी म्हणजे पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेलं जिवंत प्रवाळ. गुलाबी-जांभळे पोवळ्यांचे रंग वरून दिसत नाहीत, ते पाण्याखालच्या फोटोंतले. तपकिरी दिसलं म्हणजे मेलं असं समजू नका. निरोगी प्रवाळात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा तो रंग आहे, आणि पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकून पांढरं पडतं. २०१६ पासून असे मोठे आघात या रीफने अनेकदा सोसले आहेत, आणि त्यांची पाहणी शास्त्रज्ञ विमानातूनही करतात. तो तपकिरी रंग बघून बरं वाटायला हवं.

हार्डी आणि हुक या दोन रीफांच्या मधून नदीसारखी गडद निळी वाट जाते. तिच्या जवळ पर्यटकांचा मोठा तरंगता धक्का नांगरलेला असतो. ती खूण. इथून वैमानिक हेडसेटमध्ये 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' सांगतो. आता एक अपेक्षा जमिनीवरच दुरुस्त करून घ्या: हार्ट रीफ जेमतेम १७ मीटर रुंद आहे. दीड हजार फुटांवरून तो हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा दिसतो. अख्ख्या खिडकीभर बदाम शोधणाऱ्यांच्या नजरेतून तो निसटतो. पहिल्या फेरीत डोळ्यांनी शोधा, दुसरीत फोटो काढा.

फोटोसाठी फ्लॅश बंद. फोन खिडकीपासून बोटभर लांब, टेकवू नका, कारण इंजिनाची थरथर काचेतून लेन्समध्ये उतरते. कॅमेरा असेल तर शटर १/१००० सेकंद किंवा जलद, लेन्स २४ ते ७० मिलिमीटरच्या आसपासची. पाण्याची चकाकी कमी करायला पोलरायझर फिल्टर लावायचा मोह होतो, पण या खिडक्या काचेच्या नसून प्लास्टिकच्या असतात आणि त्यांतून पोलरायझरने इंद्रधनुष्याचे पट्टे उमटतात. तो काढून ठेवा. फोनमध्ये झूम न करता भराभर दहा-बारा फोटो घ्या आणि नंतर कापा. फोनला गळ्यात दोरी हवी.

परतीत व्हाइटहेवनची सात किलोमीटर पांढरी किनार आणि हिल इन्लेट. इथे बहुतेकांची मेमरी संपलेली असते, निम्मी जागा याच्यासाठी राखा.

उतरल्यावर पंखा पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडू नका. एअरव्हॅनसारख्या विमानाचं दार मागच्या बाजूला असतं, पंखा नाकावर. म्हणून उतरून शेपटीच्या दिशेने चालत बाजूला व्हा. हेलिकॉप्टरमध्ये नेमकं उलट: तिथे फिरता छोटा पंखा शेपटीला असतो, त्यामुळे मागे अजिबात जायचं नाही, वाकून पुढच्या बाजूने, वैमानिकाला दिसत राहाल असं बाहेर पडायचं.